वजनाचा रिकामा रकाना

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पंतोजी म्हणत, कारण प्रोग्रॅममधल्या एका स्वल्पविरामावरूनही ते माणसाला फैलावर घेत. दवाखान्यांसाठी औषधांचे डोस काढणारा प्रोग्रॅम आम्ही रुबी नावाच्या संगणकभाषेत लिहीत होतो. त्याच्या चाचण्या म्हणजे नुसतं आकड्यांचं जंगल. पंतोजींनी आठवडाभर खपून स्वतःचा मॅचर बांधला, म्हणजे चाचणीत वापरायचा तपासणीचा एक नवा शब्दच. मग दहा ओळींच्या जागी एक ओळ पुरे: 'हा डोस या रुग्णाला झेपणारा असावा.' जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. पंतोजी स्वतःवर जाम खूश होते.

चाचण्या तपासून पास करणाऱ्या ताई आधी बारा वर्षं नर्स होत्या. त्यांनी विचारलं, "आणि वजनाचा रकाना रिकामाच असेल तर?"

"ताई, वजन न लिहिता औषध कोण देतं?"

"घाईत देतात. मी पाहिलंय."

"बघू नंतर," म्हणत पंतोजींनी विषय झटकला. वजन नसलं की त्यांचा मॅचर तुलनाच सोडून द्यायचा आणि खुशाल हिरवं दाखवायचा. त्या हिरव्यावर ताईंनी सही केली.

चार महिन्यांनी एका दवाखान्यात घाईत वजन लिहायचं राहिलं, प्रोग्रॅमनं मोठ्या माणसाचा डोस काढला आणि तो एका चिमुरडीला गेला. ती वाचली, पण एका कानानं ऐकू येईनासं झालं.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "चाचण्या पास कुणी केल्या?" सही ताईंची होती. त्यांनी पंतोजींकडे पाहिलं. पंतोजी समोरच्या ग्लासाकडे बघत राहिले. रिकाम्या रकान्याबद्दलचं त्यांचं ते बोलणं मीही ऐकलं होतं. मीही तोंड उघडलं नाही. सोमवारी ताईंचं टेबल रिकामं होतं.

मॅचरची दुरुस्ती दोन ओळींची निघाली.

वर्षभरानं पंतोजी ताईंच्या घरी गेले. एकट्याला धीर होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. ताई सासूबाईंची नखं कापत बसल्या होत्या.

"ताई, तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," ताई मान वर न करता म्हणाल्या. "साहेबांना सांगितलंत?"

पंतोजींनी नकारार्थी मान हलवली.

"मग मला काय सांगता? मला ठाऊकच आहे."

दुसऱ्या दिवशी पंतोजींनी साहेबांना सगळं लिहून दिलं. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आता कशाला उकरून काढता?"

ताई परत आल्या नाहीत. पंतोजी अजून इथेच आहेत. मॅचर त्यांनी पुन्हा बांधला नाही; लांबलचक चाचण्या लिहितात, आणि नवी मंडळी हसली तर हसू देतात.