थर्मासमधलं मूळ

मशीनवर आकडा आला ४.६. मिस्टर लिननी चष्मा वर सरकवून तो माझ्याआधी वाचला.

मी ऑकलंडमध्ये, अल्बनीच्या एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. मिस्टर लिन यांच्या हृदयात धातूची झडप आहे, म्हणून ते रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं आणि INR बघायचा. रक्त गोठायला किती वेळ लागतोय, त्याचा हा आकडा. फार वाढला तर आत कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. त्यांचा कित्येक वर्षं शहाण्यासारखा दोन ते तीनच्या मध्ये असायचा. न्यूमोनियातून उठून घरी आल्यापासून मात्र सलग तिसऱ्यांदा वर.

दात घासताना रक्तही येतं, असं त्यांची मुलगी म्हणाली. बाबा विसरून दोनदा गोळी घेतात, हा तिचा पक्का समज. डॉक्टरांनाही तीच शंका. सोमवारपासून गोळ्या तिच्या ताब्यात जाणार होत्या.

मिस्टर लिन निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी वही पुढे केली. रोजची तारीख, वेळ, गोळी, टिक. एक खाडाखोड नाही.

"हिला बेरीज मी शिकवली," ते मला म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण वही परत घेताना त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

मी फॉर्मवरचे प्रश्न विचारले. अँटिबायोटिक्स महिन्यापूर्वीच संपली होती. दुसरं औषध नाही. हर्बल काही? सोबत आलेल्या मिसेस लिन नाही म्हणाल्या. मी टिक केली. खोदून विचारणं मला जमत नाही. माझे बॉस क्रेग म्हणतात, मी प्रश्न विचारला की समोरच्याला वाटतं मी माफी मागतेय.

डॉक्टरांना फोन केला. आजची गोळी वगळा, तीन दिवसांनी पुन्हा तपासा, असं त्यांनी सांगितलं. निघताना मिसेस लिननी काउंटरवर एक थर्मास ठेवला. मला आठवडाभर खोकला होता.

"फार बारीक आहेस. पी," त्या म्हणाल्या.

ते बाहेर पडल्यावर मी झाकण उघडलं. कोंबडी, लाल बोरं, आणि तपकिरी मुळाच्या पातळ चकत्या. क्रेगनी वास घेऊन सेलरी आहे म्हणून सांगितलं. सेलरी कुठेच नव्हती; वास त्या मुळाचा होता. मी थर्मास घेऊन कार पार्कमध्ये धावले. मिस्टर लिन गाडीत बसून अजून आरसे तपासत होते.

"हे मूळ कसलं?" मी विचारलं.

"डांग गुई. आजारातून उठलेल्याला देतात. रक्तासाठी चांगलं."

"रोज?"

"दिवसातून दोनदा. हॉस्पिटलमधून आल्यापासून."

"मी हर्बल विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"तू औषधाचं विचारलंस," मिसेस लिन म्हणाल्या. "हे जेवण आहे."

मी स्वतः पुण्यातल्या आईच्या फोनवरच्या सूचनांनुसार सुंठीचा काढा घेत होते. काही औषध चालू आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मीही बिनदिक्कत नाही म्हणाले असते.

मी त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. डांग गुईने अशक्तपणा जातो, याचा भक्कम पुरावा नाही; अभ्यास आहेत, पण छोटे. वॉरफरिनबरोबर घेतल्यावर INR वाढल्याच्या नोंदी मात्र आहेत.

"म्हणजे ते काम करतं," मिसेस लिन म्हणाल्या.

"चुकीच्या दिशेने," मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली.

मिस्टर लिननी वही काढून नवा कॉलम आखायला घेतला. सूप.

मूळ बंद झालं. कोंबडी राहिली, तिच्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. दोन आठवड्यांनी आकडा आला २.५. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण मूळ सुपाबाहेरच ठेवा. गोळ्या मिस्टर लिनकडेच राहिल्या. मुलीने सॉरी म्हटलं का, ते मी विचारलं नाही.

फॉर्म अजून तोच आहे. मी आता शेवटी पेन खाली ठेवते आणि घरी काय शिजतंय ते विचारते. लोक भरभरून सांगतात. मागे रांग वाढते, क्रेग घड्याळाकडे बघतात.

परवा पुन्हा थर्मास आला. या वेळी त्यावर मिस्टर लिनच्या अक्षरात चिठ्ठी होती: कोंबडी तीनशे ग्रॅम, बोरं सहा, मीठ अर्धा चमचा. खाली, हर्बल: नाही. त्यापुढे टिक.

मी तरीही झाकण उघडून वास घेतला.