फुटक्या भाकरीची जोडीदारीण

शिवम्मा गेल्याचं मला कामाच्या ग्रुपवर कळलं. आमच्याकडे भाकऱ्यांच्या कामाला येणाऱ्या बायका मोबाइलवरच्या त्या ग्रुपवर आपापल्या सुट्ट्या कळवतात. तिच्या लेकीनं, आमच्याकडेच कामाला येणाऱ्या रेणुकानं लिहिलं होतं, 'आई पहाटे गेली. आज कामावर येणार नाही.' सारखी टिंगटिंग नको म्हणून त्या ग्रुपचा आवाज मी केव्हाच बंद करून टाकलेला. वाचलं ते दुपारी, जेवून हात धुतल्यावर. हल्ली ती लांब राहायची, पोचले तोवर तिला नेलंही होतं... महिना होत आला त्याला.

शिवम्मा मैंदर्गीची. लग्न होऊन सोलापुरात आमच्या शेजारी आली तेव्हा निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. दोघींच्या घरी ओढाताणच होती, म्हणून माझ्या मागच्या पडवीत आम्ही कडक भाकऱ्या करून विकायला लागलो. जे येईल ते निम्मं निम्मं. थापायची ती, भाजायची मी. कधी मी थापायला बसले की म्हणायची, "अक्का, ही भाकरी हाय का मैंदर्गीचा नकाशा?" मी म्हणायची, "मग तुझं माहेर तव्यावर घातलंय, करपू देऊ नको."

कडक भाकरी पापडासारखी, रचताना थोड्या फुटायच्याच. फुटकी विकायची नाही, हा आमचा नियम. ती आमची दुपार असायची. एकाच ताटात चुरायची, वर गरम आमटी, कडेला शेंगाचटणी. एखाद्या दिवशी एकही फुटली नाही तर शिवम्मा चांगली भाकरी गुडघ्यावर ठेवून कट्‌कन मोडायची आणि साळसूदपणे म्हणायची, "फुटली की गं."

मग मोबाइलवर मागणी यायला लागली, पार पुण्यापासून. हातांना उरकेना. माझ्या मुलानं मशीन आणलं. गोळा ठेवा, दाबा, भाकरी तयार, सगळ्या एकसारख्या. पहिल्या दिवशी शिवम्मा त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी हात कुटं ठिवू?" आम्ही सगळे हसलो. तीसुद्धा हसली. तिला पाकिटं भरायला बसवलं. मशीन मुलाचं, जागा आमची, म्हणून निम्म्या वाट्याऐवजी तिला इतर बायकांसारखा दिवसाचा रोज ठरला. ते ठरलं तेव्हा मी तिथंच लसूण सोलत होते. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी लसूण सोलत राहिले... मशीन वाईट असं कसं म्हणू? तिचा खांदा दुखायचा राहिला, माझ्या नातवंडांची शिक्षणं झाली. पण मशीनची भाकरी फुटत नाही हो. फुटकी नाही, तर एक ताट कशाला? ती डबा आणायला लागली आणि बायकांबरोबर शेडमध्ये जेवायला लागली. स्वयंपाकघरात सरळ घुसून चहा टाकणारी बाई दाराशी उभी राहून म्हणू लागली, "अक्का, उद्या जरा उशीर हुईल, चालंल नव्हं तुमाला?" मला ते टोचायचं. पण खरं सांगते, सोयीचंही वाटायचं.

ती गेली त्या दिवशी तिच्या घरी सगळ्या बायका चटईवर बसल्या होत्या. मला बघून कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. "मालकीणबाई, हितं बसा." नको म्हणायला पाहिजे होतं, खाली चटईवर टेकायला पाहिजे होतं. गुडघे दुखत होते... मी खुर्चीवर बसले.

परवा रेणुका कामावर परत आली. आल्याचं सांगायला दाराशी थांबली, चौकटीला खांदा टेकून, अगदी आईसारखी. डोळे सुजलेले. मी म्हटलं, "ये गं आत. दोघींना चहा टाक. बस जरा माझ्यापाशी."

ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"नको काकू," ती म्हणाली, "मशीन तापलंय."