नेब्रास्काच्या क्लाराचा शोध: कर्वेनगर ते नाशिक

नाशिकला जायचं आमचं ठरलंच नव्हतं. ते सासूबाईंनी ठरवलं.

माझी मुलगी अमेरिकेत, नेब्रास्कात असते. तिची शेजारीण डोरिस, वय चौऱ्याहत्तर, आठवडाभर आमच्याकडे कर्वेनगरला आली होती. ताजमहाल वगैरे काही नाही, तिला आजोबांच्या बहिणीचा पत्ता लावायचा होता. डोरिसचे खापरपणजोबा जर्मनीतून गेलेले; ओसाड माळावर गवतासकट मातीची ढेकळं कापून त्यांनी घर रचलं आणि शेती केली. त्यांची नात क्लारा. तिनं तिथं शेतीचं शिक्षण घ्यायला आलेल्या पुण्याच्या विनायक घाणेकरांशी लग्न केलं आणि इकडे आली. घरच्या बायबलमध्ये कुटुंबातल्या सगळ्यांची नावं लिहिलेली असत; वडिलांनी त्यातलं तिचं नाव शाईनं खोडलं. भाऊ फ्रिट्झ, म्हणजे डोरिसचे आजोबा, वडिलांच्या धाकानं तिच्या एकाही पत्राला उत्तर देऊ शकले नाहीत. म्हातारपणी त्यावरून रडायचे.

आता डोरिसचा थोरला भाऊ वॉल्टर घराण्याचं पुस्तक छापतोय आणि त्यात क्लाराचं पान कोरं आहे.

"आम्हाला शिव्याशाप देतच गेली असेल ती," डोरिस म्हणाली. "असेल तर तसं. पण कळू दे."

पहिले दोन दिवस आम्ही दफनभूम्या पालथ्या घातल्या. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, रिक्षावाल्यांशी हुज्जत. थडग्यांवरची नावं वाचून डोळे दुखायला लागले, पण क्लारा काही सापडेना. तिसऱ्या दिवशी जेवताना सासूबाईंनी वरणभात कालवता कालवता विचारलं, "लग्न पुण्यात केलंन ना परत, विधी करून?"

"हो आई, डोरिसनं आणलेल्या तिच्या पत्रात तसं लिहिलंय."

"मग क्लारा कशाला शोधताय? ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहिलं असेल की. आणि घाणेकरांची सून दफनभूमीत काय करेल?"

मी डोक्याला हात लावला. अहो, मी स्वतः माहेरची शैला! लग्नात सुनंदा झाले, त्याला सदतीस वर्षं झाली, आणि मला हे सुचू नये? काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

"नाशिकला जा," सासूबाई म्हणाल्या. "उपाध्यांच्या वहीत बघा. यांच्या सात पिढ्या तिथंच सापडल्या होत्या."

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. गाडीचे साडेसहा हजार, टोल वेगळा. चाकण सातच्या आत ओलांडा, नाहीतर ट्रकांच्या मागे बसून नशिबाला बोल लावा. नारायणगावला मिसळ खाल्ली. डोरिसनं तर्री मागून घेतली, नाक पुसत संपवली आणि पुन्हा मागितली. बाई मला तिथंच आवडली. सिन्नरपर्यंत ती शेतं बघत होती, मधेच विचारायची, हा कांदा का, पाणी कुठून येतं. शेतकऱ्याचीच पोर शेवटी.

पंचवटीत रामकुंडाजवळ गुरुजींचं घर सापडलं. ज्यांना जायचं असेल त्यांनी आडनाव आणि मूळ गाव विचारून ठेवा, त्याशिवाय तिथं पान हलत नाही. क्लाराच्या शेवटच्या पत्रात सासरचं मूळ गाव सासवड असं होतं, म्हणून आमचं निभावलं. गुरुजींनी लाल फडक्यातली लांबट वही काढली. तीर्थाला आलेल्या प्रत्येकानं आपल्या कुळाची नावं यात स्वतः लिहायची, अशी रीत. अर्धा तास पानं उलटत होती. डोरिस मांडी घालून बसली होती, गुडघे दुखत असणार, पण हलली नाही.

"हे बघा, विनायकराव घाणेकर. वडिलांच्या श्राद्धाला आलेले. आणि खाली बाईंनी लिहिलंय."

मोठी, वाकडीतिकडी, जपून काढलेली देवनागरी अक्षरं. मी वाचून डोरिसला इंग्रजीत सांगू लागले. 'मी कमला विनायक घाणेकर. माहेरची क्लारा. आजोबा योहान. वडील हाइनरिक. भाऊ फ्रिट्झ. सर्व क्षेम असोत.'

डोरिसनं माझं मनगट घट्ट धरलं. "वडिलांचंसुद्धा?"

"वडिलांचंसुद्धा."

ज्यांनी तिला खोडलं, त्यांना तिनं गोदाकाठी नाव घेऊन मांडलं होतं. मला रडू आलं, लपवत नाही.

पुढच्या पानावर तिच्या मुलाची नोंद होती. आई वृद्धापकाळी, नातवंडांत गेली. गुरुजींनी वही डोरिससमोर सरकवली आणि पेन दिलं.

"माहेरचं कुणी आलं नव्हतं हो इतकी वर्षं," ते म्हणाले. "लिहा."

तिनं इंग्रजीत लिहिलं, खूप वेळ लावून. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

मुक्काम न करता रात्री परतलो. घाणेकरांच्या आजच्या पिढीचा पत्ता अजून लागलेला नाही, शोध चालू आहे. मी मात्र येताना आमच्या कुळाच्या पानावर माझ्या आईवडिलांची नावं लिहून आले. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मीही लिहिली नव्हती.

सकाळी चहा घेता घेता डोरिसनं वॉल्टरला फोन लावला. स्पीकर चालू होता. वहीतल्या ओळींचं मी लिहून दिलेलं इंग्रजी तिनं वाचलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"आपल्या फ्रिट्झआजोबांचं नाव आहे त्यात? नक्की?" वॉल्टरनं विचारलं.

"आहे."

"पुन्हा वाच," तो म्हणाला. "हळू. मी पानावर उतरवून घेतो."