तांबरमला आठाचे पंधरा दिवस

सोलापूरहून गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ एक बॅग, शेंगाचटणीचा डबा आणि मद्रासच्या एका अंध मुलींच्या शाळेचं पत्र होतं. शहराचं नाव बदलून चेन्नई झालं होतं, पण आमच्या घरात अजून मद्रासच चालायचं. दोन हजार चार-पाचचा सुमार. गणितात एम.एस्सी. झाले होते आणि सोलापुरात बी.एड.ला नंबर लागला नव्हता. अंध मुलांना शिकवण्याचा एक वर्षाचा बी.एड. तिकडे होता. माझा अर्ज मान्य झाला होता. अट एवढीच, की वर्ग सुरू होण्याआधी आठ दिवस त्या शाळेत जाऊन काम बघायचं. शेवटी मुख्याध्यापिका सही करणार, तरच प्रवेश. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "किती पुण्याचं काम!" खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटत होतं. सही म्हणजे नुसता कागदाचा सोपस्कार, अशी माझी खात्री होती.

वाडी, रायचूर, गुंतकल अशी स्टेशनं मागे पडत गेली. सकाळी जाग आली तेव्हा बाहेरच्या दुकानांच्या पाट्यांवरचं एक अक्षर मला वाचता येईना. एम.एस्सी. झालेली मी एका रात्रीत निरक्षर झाले होते. दुपारी सेंट्रलला उतरले, रस्ता ओलांडून पार्क स्टेशन गाठलं आणि तांबरमची लोकल पकडली. सोलापूरचं ऊन अंगवळणी पडलेलं, त्यामुळे उन्हाचं भय नव्हतं. पण इथलं ऊन ओलं होतं. तांबरम येईपर्यंत ओढणी पिळून काढावी अशी झाली.

राहायची सोय वडिलांच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याने आपल्या ओळखीत करून दिली होती. अंबूबाई म्हणून एक विधवा बाई, यजमान रेल्वेत होते. मी पत्ता दाखवत दाखवत दारात पोचले आणि इंग्रजीत सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "या हो, बैसा. ऊन फार लागलें की?"

मी उंबऱ्यातच थबकले. शब्द माझे आणि चाल पार तामिळ. तंजावरकडचे मराठी लोक आहेत एवढं ऐकून होते, पण शेकडो वर्षं घरात जपलेली भाषा अशी समोर येऊन 'बैसा' म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"तुम्ही घरात मराठीच बोलता?" मी विचारलं.

"आम्ही अस्के (सगळे) हेंच बोलतों. पोरं मात्र आतां तामिळांत उत्तर देतात," त्या म्हणाल्या आणि केळीच्या पानावर भात वाढला. बाजूला उडदाचं पीठ ताकात कालवून केलेलं डांगर. माझी शेंगाचटणी त्यांनी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतली.

शाळा तिथून पायी दहा मिनिटांवर होती. चिंचेच्या झाडांखाली दोन बैठ्या इमारती. मुख्याध्यापिका साठीच्या आसपास, सुती साडी, आवाज हळू. माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या. पहिले तीन दिवस मी मागच्या बाकावर बसून बघितलं. जाड कागदावर टोच्याने ठिपके पाडत मुली ब्रेल लिहायच्या तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. मी वहीत पानंच्या पानं टिपणं काढली.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आज सहावीला तुम्ही शिकवा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज."

हा तर माझ्या हातचा मळ. वर्गात मोडक्या इंग्रजीवर भागायचं. मी उत्साहाने फळ्याकडे वळले, ठळक त्रिकोण काढला, कोनांना ए, बी, सी अशी नावं दिली आणि म्हटलं, "आता सगळ्यांनी इकडे बघा. हा कोन आणि हा कोन."

मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, बारा वर्षांची असेल. "मिस, खडूचा आवाज येतोय. तुम्ही काय काढताय?"

खडू माझ्या हातातच राहिला. अंध मुलींच्या शाळेत कोपऱ्यात फळा कशाला टांगलाय, हासुद्धा विचार मला शिवला नव्हता. (तो डोळस शिक्षकांच्या सूचनांसाठी होता.) मुली हसायला लागल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. शेवटी त्याच मुलीने कपाटातून पुठ्ठा, टाचण्या आणि सुतळी काढली, पुठ्ठ्यावर त्रिकोण ताणला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. "असा काढायचा, मिस." तिचं नाव कलैसेल्वी. सगळे कलै म्हणायचे.

शनिवारी कलै वेलचेरीला आईकडे जायची. एरवी वसतिगृहाच्या बाई तिला पोचवायच्या, त्या दिवशी त्यांना ताप होता. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. "तिला बस, थांबे, सगळं माहीत आहे. तुम्ही फक्त सोबत. तिचा हात धरू नका. तिला तुमचं कोपर धरू द्या."

मी मान डोलावली. वहीत ते लिहूनही घेतलं होतं.

तांबरम पूर्वेच्या थांब्यावर आम्ही उभ्या राहिलो. कलैने माझं कोपर हलकेच धरलं होतं, दुसऱ्या हातात पांढरी काठी. मला ती आता अक्का (ताई) म्हणत होती. बस आली आणि थांब्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. लोक धावले. मीही धावले. कोपर विसरले, तिचं मनगट पकडलं आणि ओढत नेलं. ती "अक्का, थांबा, थांबा" म्हणत होती, ते मला ऐकू येत होतं. पायरीशी पोचलो तेव्हा तिची काठी निसटून रस्त्यावर पडली. मी तिला पाठीत हात लावून वर ढकललं आणि काठी उचलायला वळले.

इथले कंडक्टर शिट्टी वाजवतात. एक शिट्टी थांबायला, दोन निघायला. मी काठी उचलली आणि पाठीमागे दोन शिट्ट्या ऐकल्या. वळून पाहीपर्यंत बस निघाली होती.

मी मराठीत ओरडले. "थांबा! अहो, पोरगी आहे आत!" कुणाला काय कळणार? पन्नास पावलं पळाले आणि बस वळणावर दिसेनाशी झाली. कलै आत, तिची काठी माझ्या हातात. मोबाईल तेव्हा माझ्याजवळ कुठला असायला? शाळेत फोन करायचा तर बूथ शोधण्यात वेळ जाणार.

एक शेअर ऑटो थांबली. चालक पन्नाशीचा, खाकी सदरा, मागे चार-पाच माणसं. मी इंग्रजीत काहीतरी बोलले, हिंदीत बोलले. तो नुसता बघत राहिला. 'अंध'ला तामिळ शब्द काय, तो मला माहीत नव्हता. आठवडाभर त्या शाळेत बसून मी तो एक शब्द विचारला नव्हता. शेवटी मी डोळे घट्ट मिटले, काठी रस्त्यावर टकटक आपटली, हाताने लहान मुलीची उंची दाखवली आणि बस गेली त्या दिशेला बोट केलं. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, मी डोळे मिटून रडत उभी होते.

"अय्यो!" मागे बसलेली मोगऱ्याची टोपली घेतलेली बाई ओरडली आणि तिने चालकाला भरभर काहीतरी सांगितलं. त्याने मला हाताने ओढूनच पुढे बसवलं. "बयप्पडादींग, अम्मा," तो म्हणाला. त्यातलं 'बय' म्हणजे आपलंच भय, भिऊ नका म्हणतोय, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

पहिला थांबा. कोणी नाही. कॅम्प रोडचा थांबा. मोगरेवाली खाली उतरून चौकशी करून आली, मान हलवली. मला बसमधून पडलेली कलै दिसत होती, कुणीतरी हात धरून नेलेली कलै दिसत होती. ज्यांना मधेच उतरायचं होतं तेही उतरले नाहीत. तिसऱ्या थांब्याशी चालकाने करकचून ब्रेक लावला.

इळनीरवाल्याच्या (शहाळीवाल्याच्या) गाडीजवळ लाकडी स्टुलावर ती बसली होती. दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर घट्ट. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अक्का?" तिने विचारलं. "माझी काठी आणलीत का?"

मी काठी तिच्या हातात दिली. तिने ती टोकापासून मुठीपर्यंत चाचपली. ऑटोवाल्याने भाडं घेतलं नाही. मोगरेवालीने कलैच्या वेणीत गजरा खोचला आणि मला तामिळात चांगलं झापलं. एक शब्द कळला नाही, पण एकही वाया गेला नाही.

"कंडक्टरला सांगितलं, अक्का खाली राहिली, मला उतरवा," कलै म्हणाली. "तो म्हणाला, घरी नेऊन सोडतो. मी ओरडले, तेव्हा उतरवलं."

"घाबरलीस?"

"हो. काठी नव्हती ना." मग म्हणाली, "तुम्ही ढकललंत मला. मी थांबा म्हणत होते."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिने एखादी गोष्ट घडली तशी सांगितली. बस सुटल्याचा धक्का मोठा होता, पण तो अर्ध्या तासात ओसरला. हे वाक्य मात्र आतवर गेलं.

पुढच्या बसने आम्ही वेलचेरीला गेलो. ती माझं कोपर धरून स्वतःच्या पायांनी चढली. पळ्ळिकरणैच्या दलदलीत पांढरे बगळे उभे होते, नंतर आयटीवाल्यांच्या नव्या उंच इमारती आल्या. त्यातल्याच एकीत तिची आई धुणीभांडी करायची. आईने मला कॉफी दिली आणि हात जोडले. झाल्या प्रकाराबद्दल कलै काही बोलली नाही. मीही बोलले नाही, कॉफी संपवून निघाले.

संध्याकाळी अंबूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मोठ्या बाईंस सांगाल की नाहीं?"

"सही देणार नाहीत त्या."

"न देवोत. लपवणें बरें नव्हे," त्या म्हणाल्या आणि उठून दिवा लावायला गेल्या.

सोमवारी, माझ्या आठव्या दिवशी, मुख्याध्यापिकांना मी पहिल्यापासून सांगितलं. मनगट ओढल्याचं, ढकलल्याचं, आईसमोर गप्प बसल्याचंही. त्यांनी माझा कागद ओढून घेतला, उलटा करून ठेवला. "आज मी सही करणार नाही."

मनाची तयारी करूनच गेले होते. मी उठायला लागले.

"परतीचं तिकीट रद्द करा," त्या म्हणाल्या. "आणखी आठ दिवस राहा. काही शिकवू नका. मुली सांगतील ते करा. आणि कलैच्या आईला तुम्हीच सांगायचं."

बूथवरून घरी फोन करून वडिलांना मुक्काम वाढल्याचं कळवलं. बुधवारी वेलचेरीला गेले. शेजारच्या एका बाईंनी माझं इंग्रजी तामिळात सांगितलं. आईचा चेहरा पांढरा पडला. तिने मला बस म्हटलं नाही, कॉफी विचारली नाही. ते बरोबरच होतं.

ते आठ दिवस मी ब्रेलची पानं मोजली, सुतळ्या कापल्या, मुलींना धडे वाचून दाखवले. हात लावायच्या आधी विचारायचं, एवढंच शिकत होते, आणि रोज दोन-तीनदा चुकत होते. शेवटच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी कलैला बोलावलं. "यांच्याबरोबर पुन्हा बसने जाशील?"

कलैने बराच विचार केला.

"जाईन," ती म्हणाली. "पण आधी मी चढणार. अक्का नंतर."

मुख्याध्यापिकांनी कागद सुलटा केला आणि पेनाचं टोपण काढलं.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होते, पण बाहेरचं फारसं काही आठवत नाही. कलैच्या मनगटाभोवती आवळलेली माझी बोटं तेवढी आठवत होती. मदत करतोय या खात्रीने माणूस किती जोरात ओढू शकतो, ते चोवीस वर्षांत कळलं नव्हतं. कळलं तेही एका मुलीच्या जिवावर बेतलं तेव्हा.

सोलापूरला वडील फलाटावर उभे होते. माझी बॅग घेत त्यांनी विचारलं, "काय, जमलं का?"

"सही मिळाली," मी म्हटलं. जमलं का, ते मला अजून ठाऊक नव्हतं.