केळीच्या बागेत पुरलेली घागर

माझा बाप दुसऱ्याच्या बागेतले केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रकपर्यंत न्यायचा. चोपड्याच्या बाजूला आमचं गाव. पत्र्याची एक खोली, आई कपाशी वेचायला, आम्ही दोघी बहिणी शाळेतून आलो की सरपणाला. थेटरात जाणं आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. बापाने मात्र कधीतरी जत्रेच्या तंबूत खजिन्याच्या शोधाचा एक सिनेमा पाहिला होता. तो आम्हाला रात्री सांगायचा, स्वतः भुयारातून वाकून चालत. शेवटी म्हणायचा, "असा सिनेमा पाहिजे. बठ्ठं, सगळंच्या सगळं घर सोबत बसलं पाहिजे, कोणाला मान खाली घालायला नको."

मी जळगावला राहून पदवी घेतली. आमच्या घराण्यात पहिली. हे मी लाजत सांगत नाही. नोकरीच्या पैशातून बरा फोन घेतला आणि ठरवलं, बापाला त्याचा सिनेमा करून दाखवायचा. करायच्या आधीच तो गेला. तरी मी सुरू केलाच. गोष्ट साधी होती: दोन बहिणी आजोबांनी पुरलेलं धन शोधतात.

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, माझी थोरली बहीण अक्का नरडाण्याहून माहेरी आली. शेवटचे दोन प्रसंग राहिले होते, घागर पुरण्याचा आणि सापडण्याचा. बाप आयुष्यभर ज्यांच्याकडे राबला त्या नानांनी बाग वापरू दिली. आदल्या संध्याकाळी अक्काने आजोबांच्या वेशात केळीच्या ओळीत घागर पुरली, मी ते टिपलं. खूण म्हणून तिने वरच्या झाडाच्या वाळल्या पानाला गाठ मारली.

आखाजीच्या सकाळी घरातून आईचा आवाज आला.

"घागर कोठे शे?"

अक्काचा चेहरा उतरला. कोपऱ्यातली नवी लाल घागर जास्तीची वाटली म्हणून तिने तीच पुरली होती. ती बापाची होती. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची ही पहिली आखाजी. दुपारी आगारी टाकायच्या, पितरांना विस्तवावर घास द्यायच्या आधी त्याच्या नावाची घागर पाण्याने भरून पुजायची असते. कुंभाराकडे माणूस धाडला, तर तिथे एकही घागर उरली नव्हती. शेजारच्या काकू स्टीलचा हंडा घेऊन आल्या.

"त्या हंड्यातून पाणी प्यायला तो काय लग्नाला आला का?" आई म्हणाली.

आम्ही बागेत पळालो. आई मागून आलीच. ओळीत शिरलो आणि मी जागच्या जागी थांबले. सगळी झाडं स्वच्छ. वाळलं पान एकही नाही. नानांच्या सालदाराचं साल आखाजीला संपतं. जाण्याआधी बाग नीट करून द्यावी म्हणून त्याने संध्याकाळी उशिरापर्यंत सगळी पानं कापून सरीत टाकली होती. आमची गाठही त्यातच. वर ठिबक चालू राहिल्यामुळे उकरलेली माती बसून गेली होती.

"आता शोध तुझा खजिना," आई मला म्हणाली.

नाना कुदळ घेऊन आले. अक्का ओरडली, "नाना, कुदळ नको! फुटेल!"

मग आम्ही हातांनीच उकरायला लागलो. एक झाड, दुसरं झाड. ऊन चढत होतं. नखांत चिखल, आणि प्रत्येक ठिकाणी खाली नुसती मुळं. अक्का रडत होती आणि रडता रडता मलाच बोलत होती, "तुले सिनेमा पाहिजे होता ना? घे सिनेमा!"

तेव्हा मला सुचलं. सकाळच्या प्रसंगासाठी बांबूला बांधून आणलेला फोन ओळीच्या टोकाला रोवला होता आणि तो मघापासून टिपतच होता. तो सोडला, कालचं चित्रण लावलं. केळी, केळी आणि केळी. काही ओळखू येईना. आई खांद्यावरून बघत होती. तिने एकदम बोट ठेवलं. अक्काच्या पायाजवळ ठिबकच्या नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली दिसत होती.

"ही गाठ तुना बापनी शे," ती म्हणाली. गळकी नळी तो अशीच बांधायचा.

नळी धरून आम्ही ओळीतून चालत गेलो. ट्यूब सापडली. मी फोन पुन्हा टिपायला लावून बांबूला अडकवला, आणि तिघी गुडघ्यांवर बसलो. आईच्या बोटांना पहिल्यांदा काठ लागला. तिने आमचे हात बाजूला सारले. माती चोळत चोळत घागर बाहेर काढली. काठाचा एक टवका उडाला होता.

"पाणी राहील का?" अक्काने विचारलं. नानांनी नळी मोकळी करून घागरीत पाणी सोडलं. आईने ती छातीशी उचलून धरली आणि खाली बघत राहिली. आम्हीही. नाना तर वाकून बुडाला बोट लावून बघत होते.

थेंब पडला नाही.

दुपारच्या आत घागर पुजली गेली, वर खरबूज, बाजूला सांजोरी. आई चुलीपाशी बसली होती तेव्हा मी घाबरतच विचारलं, "फोनमध्ये सगळं आलंय. सिनेमात ठेवू का?"

तिने चुलीतले निखारे पुढे ओढले. "बठ्ठा सोबत बसीसन दखतीन ना?"

"हो, सगळे सोबत बसून बघतील."

"मंग ठेव."

तो प्रसंग ठेवला. अक्काचं मला बोलणंही काढलं नाही. दिवाळीला नानांच्या खळ्यात पांढरी चादर बांधली आणि गाव बसलं, म्हाताऱ्या, सुना, लेकरं, सगळे एकत्र. कोणाला मान खाली घालावी लागली नाही. बापाचा सिनेमा पूर्ण झाला.