व्याह्यांच्या नावानं नारळ

आता माझ्या अकलेचे तारे काय सांगू तुम्हाला! चहा आधी संपवा बरं, ऐकताना ठसका लागेल.

आमच्या सुमीची सोयरीक श्रीरामपूरला जमत आली होती. मुलाचे वडील आप्पा. माणूस राजा, पण हो म्हणेना आणि नाही पण म्हणेना. तेवढ्यात आम्ही राहात्याहून श्रीलंकेच्या सहलीला निघालो, आणि सहलीत बघतो तर आप्पा आणि विहीणबाई! म्हणलं, हीच वेळ. परत येईस्तोवर सोयरीक पक्की करायची.

तिथं बुद्धाचं देऊळ बघायला गेलो. अहो, सगळं आपल्यासारखंच की! दारात चपला काढा, हातात कमळं घ्या, उदबत्ती, तेलाचे दिवे. अंगणात पिंपळ, त्याला पार, बाया पाणी घालतायत. बुद्धाशेजारीच विष्णू, पलीकडं मोरावर कार्तिकस्वामी! त्याला बघून आमच्या बायकोनं झटकन तोंड फिरवलं. आपल्याकडं बायका त्याचं दर्शन घेत नाहीत ना!

"आप्पा," मी म्हणलं, "देवळातलं काय बी असू द्या, मला इचारा. देश बदलला तरी रीत तीच!"

फुशारकी मारली अन् तिथंच घात झाला.

पुढं एका छोट्या देवळासमोर दगड होता. भोवती फुटक्या नारळांचा खच. मग काय! नारळ घेतला, वर कापूर पेटवला, आप्पांकडं बोट केलं आणि खड्या आवाजात त्यांचं नाव घेतलं. देवाला पत्ता चुकू नये म्हणून मुक्काम, पोस्ट, तालुक्यासकट! आणि फाडकन आपटला.

आजूबाजूची माणसं गोळा झाली. पांढऱ्या साडीतल्या एका आजीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी हो तिच्या! एकानं तर दुसरा नारळ आणून हातात दिला. फुकट! किती प्रेमळ लोक! तो मी विहीणबाईंच्या नावानं फोडला. तिसरा आला. तो होणाऱ्या जावयाच्या नावानं.

"आवो, बास करा," बायको कुजबुजली. "लोक आप्पांकडं असं का बघत्यात?"

खरंच की! माणसं आप्पांपासून लांब सरकलेली. एक बाई तर पर्स पोटाशी आवळून उभी. तेवढ्यात आमचा गाईड धावत आला. तो लंकेचाच, पण हिंदी बोलायचा.

"साहब, ये लोग पूछते हैं, इसने आपका क्या चुराया?"

"चुराया? किसने?"

"इधर चोर और दुश्मन के नाम से नारियल फोड़ते हैं। शाप देने को!"

अरे देवा! व्याही, विहीण, जावई... सगळं खानदानच साफ की!

"लगीन व्हायच्या आदीच जावयाला शाप दिला तुमी!" बायको किंचाळली.

आप्पा तडक वळले. गेले, एक नारळ घेऊन आले आणि माझ्याकडं बोट केलं. माझं नाव घेतलं, राहाता घेतलं, माझी पेरूची बागसुद्धा सोडली नाही! म्हणलं, गेली सोयरीक. आप्पांनी नारळ आपटला, पण तो फुटेचना! टणकन उडाला आणि थेट माझ्या अंगठ्यावर!

"आई गं!" मी एका पायावर नाचायला लागलो.

आप्पांना असं हसू फुटलं की विहीणबाईंना धरून उभे राहिले. "पाव्हणं, द्येव लई जागृत हाय! झाली फिटंफाट. घरी गेलो की सुपारी फोडू."

"खरंच?" माझा अंगठाच दुखायचा थांबला हो!

"खरंच. पन आता एक खरं सांगा. पोरगी गेलीय कुनावर?"

मी छाती फुगवून तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, "त्याची काळजी नगा करू, आप्पा. माज्यावर गेलीय. ह्यांच्यावर गेली असती, तर कशाला तुमच्या गळ्यात बांधली असती?"