यंत्राच्या तोंडाला कुंकू

त्याचा मला हेवा वाटे. अजूनही वाटतो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याने संगणक घेतला आणि तो चालवण्यासाठी आम्हा दोघांना नेमले. मी साताऱ्याचा, गणिताचा पदवीधर. तो विट्याकडच्या बागायतदाराचा मुलगा, पदवी तीच. मुंबईचे प्रशिक्षणही एकत्रच झाले. तो मला गड्या म्हणे, मी त्याला अहो-जाहो करी.

त्या यंत्राची कार्यप्रणाली, म्हणजे सिस्टीम, जगावेगळी होती. ती फक्त त्याच बनावटीच्या यंत्रांवर चाले आणि तशी यंत्रे देशात मोजकीच होती. अडले तर विचारावे असे जवळपास कोणी नव्हते. रोज सकाळी छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून ती यंत्रात भरावी लागे.

संगणकाच्या खोलीचा प्रमुख आमच्यापैकी एकच होणार होता. दसऱ्यानंतर नाव सांगू, असे कार्यकारी संचालक साहेब म्हणाले होते. मला ते पद हवे होते. त्याला हवे होते की नाही, हे त्याने कधी जाणवू दिले नाही. कारखान्याचे फिटर मात्र दारात आले की मला ओलांडून त्यालाच हाक मारीत.

खंडेनवमीला ऊस टाकायची गव्हाण, लेथ, वजनकाटा यांची पूजा झाल्यावर ताट आमच्या खोलीत आले. साहेबांनी ते त्याच्या हाती दिले.

"आवं, ह्येचं कपाळ कुठं म्हनायचं?" एका फिटरने विचारले.

"कपाळ न्हाई, निस्तं तोंड हाय. फीत हितनं खातंय, म्हंजी कुंकूबी हितंच," तो म्हणाला. फीत जिथून वाचली जाते त्या फटीवर त्याने ओल्या बोटाने कुंकवाची रेघ ओढली. सगळे हसले. मी हसलो नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर यंत्र फीत घेईना. ती थोडी सरके, थांबे, आणि जोडलेल्या टंकयंत्रावर चुकीचा तोच आकडा पुन्हा उमटे. बॉयलर पेटायला आला होता. ऊसतोडीचा कार्यक्रम याच यंत्रातून निघायचा होता. त्याने मेमरीची कार्डे काढून, पुसून बसवली. मी नवी फीत पाडली. फरक पडला नाही.

"गड्या, सिस्टीमच बिघडलीय. मुंबईला तार करतो."

"करा. तोवर मी पाहतो."

फितीवर काय आहे आणि यंत्रात काय उतरले आहे, हे मी दर्शनी दिव्यांवरून ओळीओळीने ताडून पाहिले. प्रत्येक ओळीतले कडेचे छिद्र आत पोहोचतच नव्हते. तेच मूल्य बटणे दाबून हाताने घातले, तर मेमरीने ते नीट धरले. म्हणजे मेमरी शाबूत, फीत शाबूत, सिस्टीमही शाबूत. दोष फीत वाचणाऱ्या डोळ्यात होता. झाकण उघडले. कुंकू फटीतून ओघळून कडेच्या काचेवर सुकले होते.

मी काच पुसली नाही. आधी साहेबांना बोलावले. त्यांच्यामागून फिटरही दारात जमले. आता त्याचा चेहरा उतरेल, असे मला वाटले. तो वाकला, निरखून पाहिले आणि मोठ्याने हसला.

"साहेब, हे माझ्याच बोटाचं! ह्यानं धरलं नसतं, तर मी आख्खं यंत्र उसवून ठेवलं असतं."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "माणूस लय दिलदार हाय," दारातून कोणी म्हणाले. मी स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसली. फीत एका दमात धावली. तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

प्रमुख मीच झालो. माझ्या नावाचे पेढे त्याने वाटले.

पुढच्या खंडेनवमीला ताट माझ्या हाती आले. कुंकू नारळाला, यंत्राला फक्त फूल, असा नियम मी घालून दिला होता. फूल ठेवून वळलो तर फिटर अजून उंबऱ्याबाहेरच.

"आत या."

"येतो की साहेब. त्ये यायचं हायती अजून."

तो आला. मग सगळे आत आले. प्रसाद मी वाटला.